न्हाणीघराचा मिस्त्री

मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले ते दारातच तांब्याभर पाणी मागून. उन्हातून आलेला माणूस, मला वाटलं प्यायला हवंय. मी माठातलं आणून दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेलं सगळं पाणी हॉलच्या लादीवर ओतलं. मग उकिडवे बसून ते कुठे जातं ते बघत राहिले. पाणी टीव्हीच्या टेबलाखाली गेलं, जरा थांबलं, वळलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जमा झालं.

"बिल्डरनं तुला फसवला, दादूस," ते म्हणाले. "हॉलला ढाळ हाय नि मोरीला नाय."

आतल्या खोलीतून शैला, माझी बायको, मोठ्यानं हसली. तिचं हसणं मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो. मी फडकं आणायला गेलो.

मिस्त्रींचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि तसंही त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. राहायचे जूचंद्रला. वाडवडील मिठागरात राबलेले. स्वतः मिस्त्रीही पंचविशीपर्यंत तिथेच होते. मिठागर बंद पडलं तेव्हा लादीच्या कामाला लागले. पण मिठागर त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, पाणी आणि ते जिथून जातं ती जमीन. बाकी सगळं, म्हणजे माणसं, भिंती, सोसायट्या, हे वरचं बांधकाम.

कडक इस्तरीची पांढरी टोपी घालून ते लाद्या फोडत. मोरीत शिरताना चपला बाहेर काढत. कमरेला टेप असे, पण तो गंजून बंद झाला होता. मोजमाप सगळं बोटांनी, वितीनं आणि कोपरानं. काम संपलं की शेवटच्या दिवशी आपला डबा त्याच नव्या मोरीत मांडी घालून खात. घरातल्या बायका नाकाला पदर लावत, तर म्हणत, "जिथं बसून जेववत नाय तिथं मानूस शुद्ध कसा व्हनार?"

सगळ्यात कहर म्हणजे त्यांची भरती-ओहोटी. ढाळ द्यायचं काम ते फक्त भांगाच्या दिवसांत करत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा समुद्राला जोर नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जमीन एक केस वर उचलली जाते आणि ढाळ चुकतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. विरार पश्चिमेला, खाडीपासून इतक्या लांब, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समुद्राचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "समुद्राला ठावं नाय तू फ्लॅट घेतलास तो," म्हणाले.

अहो-जाहो त्यांना जमत नसे. मी दादूस, शैला बाय, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, चाळीस वर्षं मंत्रालयात काढलेले गृहस्थ, तेही 'अरे'. शैलाला हे फार आवडे. आजारपणानंतर सगळे तिच्याशी हळू आवाजात, 'तुम्ही बऱ्या आहात ना' असं बोलायला लागले होते. ती शाळेत भूमिती शिकवायची. वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मणक्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि तिच्याबरोबर कमरेखालची सगळी जाणीवही गेली. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. चाकाची खुर्ची आली ती पंचवीस इंच रुंद. आमच्या मोरीचं दार चोवीस.

"एका इंचानं मी नापास," ती म्हणाली होती.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. इतकी वर्षं टाळलं.

तीन वर्षं शैलाला आंघोळ मी घातली. मोरीला वीतभर उंच दगडी उंबरा होता. तो ओलांडून मी तिला उचलून आत न्यायचो, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचो आणि तांब्यानं पाणी घालायचो. मंगळवार, गुरुवार आणि रविवार. इमारतीत भिंती पातळ. पाण्याचा आवाज वरपर्यंत जायचा. जिन्यात बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. शाळेच्या कार्यालयात मी हेडक्लार्क होतो. तिथेही हे पोचलं होतं. मुख्याध्यापकांनी एका समारंभात माझा उल्लेख केला. मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला ते गोड लागत होतं. आयुष्यात त्याआधी कुणी माझं कौतुक केलेलं नव्हतं.

त्यातला एक गुरुवार. मी तिच्या डोक्याला साबण लावला होता. बेल वाजली. दूधवाला होता. मी दूध घेतलं, पातेलं झाकलं, आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसलो. समोर पेपर होता, तो उचलला. आतून तिनं "अहो" अशी हाक मारली. मी पान उलटलं. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मग पुन्हा. मग ती थांबली. ती थांबली तेव्हा मला बरं वाटलं. हे वाक्य मी कधी कुणासमोर बोललेलो नाही. पाऊण तासानं मी आत गेलो तर तिच्या केसांत साबण वाळून पांढरा झाला होता आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती. मी म्हणालो, सेक्रेटरींनी फाटकाशी अडवलं, बोलण्यात वेळ गेला, विसरलोच. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर आठवडाभरात तिनंच मिस्त्रींना बोलावणं धाडलं. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी त्यांनी काम केलं होतं. मला विचारलं नाही. मग ते आले, पाणी ओतलं, ती हसली, ते मघाशी सांगितलंच.

शैलानं आलेख कागदावर मोरीचा नकाशा काढून ठेवला होता. मिस्त्रींनी कागद उलटा धरला, परत दिला आणि विचारलं, घरात रांगोळी हाय काय? जूचंद्रला रांगोळी घरोघर, पुरुषसुद्धा असे गालिचे काढतात की लोक लांबून बघायला येतात. शैलानं डबा दाखवला. मिस्त्रींनी हॉलभर पांढरी रांगोळी चाळणीनं पसरली, पिठासारखी पातळ, आणि म्हणाले, "बाय, फिर."

"कशी?"

"जशी मनात येल तशी. पुढं जा, मागं ये, वळ. कोनी हात लावायचा नाय." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

ती फिरली. आधी बिचकत, मग जोरात. चाकांच्या रेघा उमटत गेल्या, एकात एक, आणि मध्ये एक गोल तयार झाला. मिस्त्री त्या गोलाभोवती हात मागे बांधून चालले. "ही बायची रांगोळी," ते म्हणाले. "ही उचलून मोरीत ठेवायची. मावत नसंल तर भिंत सरंल, रांगोळी नाय सरनार."

शैलानं पट्टीनं मोजलं. गोल जवळजवळ पाच फुटांचा. मोरी चार फूट रुंद. म्हणजे शेजारच्या संडासाची भिंत पाडून दोन्ही एक करायचं. मी म्हणालो, आंघोळीच्या जागी संडास, आपल्याकडे चालत नाही. मिस्त्री म्हणाले, "चालनं कोनाचं म्हनतोस?" शैला खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पुसेपर्यंत हसली.

मग मी माझ्या परीनं ते काम अडवलं. हेही लिहितो. भिंत पाडायला सोसायटीची परवानगी लागते, ती सेक्रेटरी देत नाहीत, असं मी सांगत राहिलो. विरारला तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं, अधूनमधून टँकर. अशात शॉवर म्हणजे उधळपट्टी, असंही सेक्रेटरींच्या तोंडी घातलं. पूर्ण हिवाळा मी तसाच काढला. तिला एकटीला आंघोळ करता आली तर माझं काय उरणार, ही माझी भीती होती. ती मी परवानगीच्या अर्जात लपवली, आणि तो अर्ज कधी दिलाच नाही.

एका सकाळी मिस्त्री न सांगता थेट सेक्रेटरींकडे गेले. खाली आले तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. टोपी सारखी करत ते हळू आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी बरा मानूस हाय. त्याला कोनी इचारलाच नाय."

माझे कान तापले. शैला खिडकीतच होती. मिस्त्रींनी तिला ओरडून सांगितलं, "बाय, परवानगी भेटली. दादूसनं लय खटपट केली."

त्यांनी मला का वाचवलं, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातोडा पडला. उंबरा गेला, मधली भिंत गेली, दार बाहेर उघडणारं आणि छत्तीस इंचांचं झालं. गुळगुळीत लाद्या त्यांनी दुकानदाराला परत पाठवल्या; खडबडीत शहाबादी हवी म्हणाले. शैलाला खुर्चीत बसवून डोळे मिटून हात लांब करायला सांगितले आणि बोटं जिथे पोचली तिथे भिंतीवर खडूनं खूण केली. तिथे नळ. खुर्चीच्या बैठकीइतक्या उंचीवर कोपऱ्यात काळ्या कडप्प्याचा ओटा, म्हणजे खुर्चीतून सरकून त्याच्यावर बसता यावं. ओट्याच्या कडा त्यांनी दोन दिवस दगडानं घासून गोल केल्या. तिच्या पायांना लागलं तर कळणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मिस्त्रींना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग त्यांची चूक झाली. ती फक्त त्यांच्याच हातून होऊ शकली असती.

त्यांनी चारी बाजूंनी कोपऱ्यातल्या जाळीकडे ढाळ दिला, असा देखणा की बादली उपडी करावी आणि पाणी रांगेनं चालत जाऊन नाहीसं व्हावं. एक थेंब मागे राहत नव्हता. मिस्त्रींनी त्या कोरड्या लादीला हात जोडले. मग शैला आत गेली. पहिल्यांदाच, स्वतःच्या चाकांवर. नळाला हात लावायला म्हणून तिनं चाकं सोडली, आणि खुर्ची पाण्याच्या वाटेनं कोपऱ्यात निघाली. गुडघे भिंतीवर आपटले. उजव्या गुडघ्यातून रक्त आलं. तिला पत्ताच नव्हता. ती आमचे चेहरे बघून खाली वाकली.

मिस्त्रींनी टोपी काढली. ती काढलेली मी एवढी एकदाच बघितली. डोकं पूर्ण पांढरं होतं. "पानी गेला," ते म्हणाले, "नि त्याच्यामागं बाय पन गेली."

मी म्हणालो, खुर्चीला ब्रेक आहे, लावायची सवय करेल ती.

"अंघोळीत मानसाचे हात साबनाचे असतात. ब्रेक कोन लावनार, तू?"

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन आले आणि स्वतः घातलेली एकूण एक लादी फोडून काढली. दुपारी शैलानं चहा दिला तेव्हा ढिगाऱ्यावर बसून म्हणाले, "बाय, मी माझा धंदा विसरलो. मी पानी पळवला. मिठागरात पानी पळवत नाय, चालवतात. एका वाफ्यातनं दुसऱ्यात, असा की त्याला सुद्धा कळू नये."

भांग लागायला चार दिवस होते. ते थांबले, आम्हालाही थांबवलं. अष्टमीला सकाळी त्यांनी पाण्याची पारदर्शक नळी भिंतींना लावून खुणा केल्या आणि नव्यानं सुरुवात केली. आता ढाळ एकाच बाजूला, जेमतेम बोटाच्या पेराइतका. मागच्या भिंतीलगत लांबच लांब अरुंद चर आणि त्यावर जाळी. खुर्ची उभी राहणार त्या ढाळाला आडवी, म्हणजे घसरायची बातच नाही. शैला दारात बसून त्या नळीकडे आणि त्यांच्या हातांकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "मिस्त्री, हा कोन दीड अंशाचाही नाही."

"त्याला नाव काय ते तू ठेव. मना फक्त दिसतो."

तो ढाळ पुढे वसई-विरारमध्ये बराच गाजला. वसईतल्या होळी भागातल्या एका वाडीवाल्याच्या म्हाताऱ्या आईसाठी मिस्त्रींनी तसाच केला, मग आणखी चार-पाच घरी. ज्याला हवा असेल त्याला म्हणत, आधी विरारच्या बायचा बघून ये. परकी माणसं रविवारी आमच्या मोरीत उभी असायची आणि शैला त्यांना छडी घेऊन समजावून सांगायची. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज परत आला होता.

पण त्याआधी माझी आंघोळ झाली.

मिस्त्रींचा नियम होता की जागा वापरणाऱ्याच्या आधी घरधन्यानं वापरायची. त्यांनी मला पंचा नेसवून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या पंचानं माझे पाय घोट्याशी बांधले. घट्ट. "तुला पाय नाय," म्हणाले. "सोडलास तर परत पयल्यापासनं." दार लावून घेतलं. मी सरकत ओट्यावर गेलो, हातात धरायचा शॉवर घेतला, डोक्याला साबण लावला. साबण डोळ्यांत गेला. बाहेर ते दोघं चहा घेत होते. कपबशीचा आवाज येत होता. मिस्त्री शैलाला अमावास्येच्या भरतीबद्दल काही सांगत होते.

मला नळ सापडेना. मी ओट्याच्या डाव्या हाताला चाचपत होतो, तो होता उजव्या. मी हाक मारली, मिस्त्री. बोलणं चालू राहिलं. मी शैलाला हाक मारली. दोनदा. मग मला एकदम कळलं की मी काय ऐकतो आहे. साबण चुरचुरत होता म्हणून म्हणा, मी रडायला लागलो. पुन्हा हाक मारायची हिंमत झाली नाही.

मग दाराबाहेरून, अगदी जवळून, मिस्त्रींचा आवाज आला. "सगळा हाताशी हाय, दादूस. बोलवायचा कोनाला?"

मी उजवा हात लांब केला. नळ होता. पाणी आलं. डोकं धुतलं, खुर्चीत सरकलो, चाकं फिरवून दाराशी आलो आणि दार ढकललं. उघडेना. सवयीनं वर हात केला, वर कडी नव्हतीच. मला वाटलं, बाहेरून लावलीय. मग दिसली. आतूनच, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर एक लहानशी पितळी कडी. दार लावून घेताना ती आपोआप पडेल अशी त्यांनी बसवली होती. ती मी उघडली.

बाहेर आलो तो तसाच, ओला, पाय बांधलेला. मिस्त्री थापी धुवायला नळावर गेले, बहुतेक मुद्दाम. मी शैलाला म्हणालो, "त्या गुरुवारी मी विसरलो नव्हतो."

ती म्हणाली, "माहीत आहे. सेक्रेटरी त्या आठवड्यात गावाला गेले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"उचलून आत कोण नेणार होतं मला?" तिनं माझ्या पायांचा पंचा सोडायला घेतला. गाठ ओली होऊन आवळली होती, तिला बराच वेळ लागला. "आता बोलले ना," ती म्हणाली. "उठा, मला खुर्ची हवीय."

मी उठलो. ती कॉटवरून सरकून खुर्चीत बसली, मांडीवर कपडे, टॉवेल आणि शिकेकाईची वाटी ठेवली आणि आत गेली. दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला. मग पाण्याचा.

मिस्त्री परत आले आणि दाराबाहेर पालथे झोपून उंबऱ्याच्या जागी बोट फिरवायला लागले. बोट कोरडं होतं. त्यांनी ते मला दाखवलं, मग स्वतः बघितलं, मग पुन्हा फिरवून बघितलं. पांढऱ्या टोपीखाली त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझे हात उगाचच मांडीवर हलत होते. अर्ध्या तासानं सेक्रेटरी खाली आले. पाणी वाहिल्याचा आवाज कधीचा येतोय, म्हणाले, नळ तुटलाय का कुठला? पाणी आता उद्या संध्याकाळपर्यंत नाही. मी म्हणालो, शैला आंघोळ करतेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"एकट्या?"

"एकटी."

"अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं ते मला, पण उत्तर आतून आलं, पाण्याच्या आवाजाच्या वर चढून, भिंतीपलीकडच्या घरातही ऐकू जाईल असं. "डोक्यावरून घेतेय. वेळ लागेल."

सेक्रेटरी गडबडले. मिस्त्रींनी प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याकडे पायानं सरकवली. "बस रे," म्हणाले.

ते बसले. मीही बसलो. आम्ही तीन पुरुष बंद दाराबाहेर बसून राहिलो, आणि आमच्यापैकी कुणाचंच तिला काही काम नव्हतं.